‘दोघांनाही बाहेर काढा’ : बास्केटबॉलच्या नियमांत हे बसत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेळाडूंच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘टाळी एका हाताने वाजत नाही. राडा झाला की पंचांनी दोघांनाही बाहेर काढावं, जंप बॉल (दोन खेळाडूंमध्ये चेंडू वर उडवणे) करून खेळ सुरू करावा आणि सोडवायला धावलेल्या राखीव पोरांना काही करू नये.’ वाचायला बरं वाटतं, पण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

दोघांना सरसकट बाहेर का नाही? समजा, 7 नंबरने समोरच्या संघाच्या, ड्रिबल करणाऱ्या 11 नंबरला दोन्ही हातांनी जोरात ढकललं. उलट 11 ने ठोसा मारला. ढकलणं अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा) फाऊल, ठोसा डिसक्वालिफाइंग (थेट बाहेर काढणारा). दोन्हींचा दंड दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर फेक) आणि चेंडू, म्हणून दंड एकमेकांत कटतो. फाऊल मात्र कटत नाहीत. 11 बाहेर जातो. 7 खेळतो, पण आणखी एक अनस्पोर्ट्समनलाइक किंवा टेक्निकल (अंगाला धक्का न लावता केलेल्या गैरवर्तनाचा फाऊल) झाला की तोही बाहेर. दोघांनाही काढायची प्रथा पडली, तर समोरच्या हुकमी खेळाडूला डिवचायला उद्या कुणीही दुय्यम खेळाडू पाठवेल.

जंप बॉल सामन्याच्या सुरुवातीलाच असतो. इथे चेंडू 11 च्याच संघाला मिळतो, कारण पहिल्या फाऊलच्या वेळी तो त्यांच्याकडे होता.

‘सोडवायला धावलेली पोरं’ हा मुद्दा सर्वांत घातक. मारामारीत, किंवा ती होण्याची चिन्हं असताना, बाक सोडून आत येणारा राखीव खेळाडू बाद होतो. त्याने हात उचलला नसला तरी. मुख्य आणि पहिला सहाय्यक प्रशिक्षक एवढेच आत येऊ शकतात, तेही पंचांना मदत करायला. कितीही जण धावले तरी मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर टेक्निकल एकच. नियम एवढा कडक का, हे 2 जुलै 2018 च्या फिलिपिन्स-ऑस्ट्रेलिया सामन्यात दिसलं. बाकावरचे आत घुसले, 13 खेळाडू बाद झाले आणि शेवटी फिलिपिन्सचा एकच खेळाडू उरल्याने सामना 89-53 वर थांबला. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही 2007 च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) फिनिक्स सन्सचे खेळाडू स्टाउडमायर आणि डिऑ यांच्यावर एकेका सामन्याची बंदी आली, ती केवळ बाक सोडल्याबद्दल.

आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच पंच असतात, कॅमेरा नसतो. म्हणून जवळच्या पंचाने शिट्टी मारत लगेच मध्ये जावं. दुसऱ्याने मागे सरून दोन्ही बाकं नजरेत ठेवावीत. टायमरने घड्याळ थांबवावं, स्कोअररने आत आलेल्यांचे नंबर टिपावेत. पंचाने कुणाला मागून कवळा घालू नये. धरलेल्याला स्वतःला वाचवता येत नाही, आणि पंचाचं बाकीच्यांवरचं लक्ष उडतं. सगळं शांत झाल्यावर दोन्ही पंचांनी बाजूला जाऊन आधी फाऊलांचा क्रम ठरवावा, मगच स्कोअररच्या टेबलाला सांगावं. क्रम चुकला तर दंडही चुकतो.

आयोजकांनीही एक काम करावंच. मध्यरेषेपासून 5 मीटरवर, बाकाची हद्द दाखवणारी किमान 2 मीटरची रेषा असते. खुल्या कोर्टवर चुन्याची रेषा दवाने आणि पायांनी पुसली जाते, खुर्च्या हळूहळू साइडलाइनकडे सरकतात, आणि मग कोण हद्दीबाहेर आला यावरच वाद होतो. ही रेषा ऑइल पेंटने मारा.