बाय, लार्ज आणि आमचे आबा

तारकर्लीला आमच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. पुण्यामुंबईची मंडळी उतरली की भाषेची अडचण नसते, अडचण असते ती माशाच्या काट्यांची. यंदा जानेवारीत मात्र इंग्लंडचं एक वयस्क जोडपं पाच दिवस राहून गेलं आणि दहावीला इंग्रजीत ६८ मार्क मिळवलेला मी साफ तोंडघशी पडलो.

मोठ्या शब्दांचं मला भय नाही. 'अकॉमोडेशन' मी पाटीवर बिनचूक रंगवलंय, दोन सी, दोन एम. घात केला तो चिल्लरीने. ऑन, ऑफ, इन, आउट, राउंड... एकेकटे भेटले तर गरीब बिचारे. टोळीने आले की ओळखच देत नाहीत.

पहिल्याच सकाळी बाई म्हणाल्या, पाणी 'ऑन अँड ऑफ' येतंय. मी तत्परतेने पंपाचं बटण दाखवलं. हे ऑन, हे ऑफ. बाई 'थँक्यू' म्हणून आत गेल्या आणि डोक्याला साबण लावल्यावर पाणी गेलं. पाइपात हवा धरली होती. पाणी अधूनमधून येतं, एवढंच त्या सांगत होत्या.

दुपारी साहेबांनी विचारलं, तुम्ही 'इयर राउंड' चालू असता का? यातलं इयर कानाचं की वर्षाचं, आणि दोन्हीपैकी गोल काय, हे ठरेपर्यंत माझ्या तोंडून 'येस येस' निघून गेलं. साहेब खूश, म्हणे जुलैत परत येतो. जुलैत! यांत्रिक मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, किल्ल्याच्या होड्या बंद. चालू असतो तो पाऊस आणि आबांची बडबड.

नववीतली लेक मध्यस्थ झाली, तर तिने नवीनच घोळ काढला. म्हणे 'हेड ओव्हर हील्स' म्हणजे प्रेमात उलटंपालटं होणं. अगं, डोकं टाचांच्या वर असतंच की, देवदयेने! तर पूर्वी ते 'हील्स ओव्हर हेड' होतं, सरळ कोलांटीसारखं. मग इंग्रजांनीच ते फिरवलं, अर्थ होता तिथेच ठेवला.

"बाबा, आपलं तरी कुठे सरळ असतं?" ती म्हणाली. मला ते पटायला संध्याकाळ उजाडली. साहेबांनी शेजारच्या बंद घराचं विचारलं. त्या म्हाताऱ्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं, हे मी सांगितलं, 'नोबडी बिहाइंड, नोबडी फ्रंट.' साहेब दचकून मागे वळून बघू लागले.

जाताना त्यांनी वहीत लिहिलं, 'बाय अँड लार्ज, अ लव्हली स्टे.' मला वाटलं, बिल लार्ज झालं म्हणतायत. रात्री शोधलं तर अर्थ साधा, 'एकंदरीत', पण मूळ निघाली शिडाच्या जहाजांची भाषा. 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी जमेल तितकं भिडून जाणं, 'लार्ज' म्हणजे वारा मागच्या अंगाने मोकळा घेणं. १६६९ सालच्या इंग्रजी नौकानयनाच्या पुस्तकात हे आहे. म्हणजे आमचा सिंधुदुर्ग किल्ला १६६७ मध्ये बांधून झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी!

आबा सगळी हयात तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके होते. त्यांना वाचून दाखवलं.

"मगे? वारो तोंडार असांदे नायतर पाठीसून, होडी चलता म्हणजे चलता. बरा लिवल्यानी." सुपारी कातरता कातरता थांबून त्यांनी विचारलं, "नि पाण्याचा काय लिवल्यानी?"

खालच्या ओळीत 'ऑन अँड ऑफ' होतं. मी वही मिटून कपाटात ठेवली.