श्वास मोजून सातबारा कोरा होतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना कॉलेजच्या वर्गात माइंडफुलनेस (म्हणजे आत्ता, इथं काय चाललंय त्यावर शांतपणे लक्ष देणं) शिकवावं, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही लिहिलंत, "ज्या पोराच्या बापानं औषध घेतलं त्याला कर्जमाफी द्या. डोळे मिटून श्वास मोजायची शहरी थेरं इथं आणू नका."

सातबारा कोरा झालाच पाहिजे, त्यावर आपला वाद नाही. एक लाखाची सरकारी मदत मिळायची तर आधी आत्महत्येचं प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. कर्ज कुणाचं, जमीन कुणाच्या नावावर, हे सगळं त्याच घरात बसून विचारलं जातं. माइंडफुलनेसनं यातलं काहीच सुटत नाही.

पण कर्ज फिटलं की पोरगं आपोआप सावरतं, हे मला पटत नाही. आमच्या वर्गाच्या खिडक्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावराकडे उघडतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी सुरू झाली की एक पोरगा तासातून उठून जातो. हाताला इतका घाम, की वहीचं पान ओलं होतं. स्टाफरूममध्ये त्याचं नाव 'कामचुकार' पडलंय. तो मला म्हणाला, "सर, वास आला का मले घरचंच दिसते." आता याला 'लांब श्वास घे' म्हटलं तर तो काय घेणार? तोच वास!

म्हणजे तुमचा अर्धा आक्षेप बरोबरच आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला तो जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. आघात सोसलेल्या काही जणांना डोळे मिटून श्वासावर लक्ष दिलं की उलट तेच सगळं अंगावर येतं. म्हणून आम्ही डोळे उघडेच ठेवतो. तळपाय फरशीला टेकवायचे, बेंचची लोखंडी कड धरायची, पंख्याची घरघर ऐकायची. नको वाटलं तर उठून जायचं. काय घडलं ते कुणी विचारत नाही. अंग अजून त्या दिवसातच अडकलेलं असतं; आपण आज, इथं, वर्गात आहोत हे त्याला कळावं, एवढंच. हा इलाज नव्हे. झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर डॉक्टरच लागतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

राहिली 'शहरी थेरं'. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत मानसिक आरोग्याच्या 'विश्राम' प्रकल्पानं मदतीसाठी गावातलीच माणसं तयार केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षात 27.2 टक्के झाले. खेड्यातला माणूस मदत घेतो, ती दारापर्यंत आली पाहिजे. सामुदायिक प्रार्थनेत ज्याचं मन रमतं त्यानं तिथंच बसावं, माझी काही हरकत नाही.

सध्या मी कॉलेजात एकच मागणी लावून धरलीय: फवारणीच्या दिवसांत पोरगं वर्गाबाहेर गेलं तर त्याची गैरहजेरी लावू नये. तुमची मुलगी आमच्याकडेच शिकते म्हणता, तर पालक म्हणून त्या अर्जावर सही कराल का?