एमा मावशीचं दुकान आणि गणपती पेठ

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी फिरतो. ‘यंदा शेजारच्या वाण्याकडूनच घ्या. अडीअडचणीला तोच धावून येतो, ॲपवाला नाही.’ खाली पणती आणि जोडलेले हात. यंदा तो मामांनी टाकला. मामा पुण्यात राहतात. मागच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे पाच दिवस होते. तेवढ्यात कोथिंबीर, दही, पेनाची रिफिल आणि एकदा तर नुसतं आलं घेऊन निरनिराळ्या रंगांच्या टीशर्टातली पोरं अकरा वेळा दारात आली. मेसेजला पहिला अंगठा दिला तो माझ्या चुलतभावानं. त्याचं सांगलीला गणपती पेठेत खरोखरच किराणा दुकान आहे. रात्री त्याचा फोन आला. “ताई, हात जोडून गिऱ्हाईक येतंय होय? तुमच्या जर्मनीत काय करतात ते सांग.”

आधी स्वतःचं सांगते. स्टुटगार्टला येऊन मला बारा वर्षं झाली आणि माझं आठवड्याचं सामान दोन गल्ल्या सोडून असलेल्या डिस्काउंट दुकानातून येतं, कारण तिथं ते स्वस्त पडतं. परदेशात बसून ‘आपली छोटी दुकानं जपा रे’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते दुकान सुट्टीत फोटो काढायला हवं असतं, महिन्याची यादी टाकायला नाही. मी त्यातलीच.

जर्मनांकडेही आपल्यासारखं कोपऱ्यावरचं दुकान होतं. त्याला ते ‘टांटे-एमा-लाडन’ म्हणतात, म्हणजे एमा मावशीचं दुकान. काउंटरमागे एप्रन बांधलेली मावशी, बरणीतल्या गोळ्या, वहीत लिहून ठेवलेली उधारी. माझ्या ऑफिसातले साठीचे सहकारी या मावशीबद्दल असं बोलतात, की माझ्या डोळ्यांपुढे आजोबा उभे राहतात. साठ-सत्तरच्या दशकांत स्वतः उचलून टोपलीत टाकायची दुकानं आली आणि मावशी गेली. तिच्यावर सगळ्यांचं प्रेम होतं, जिथं चार पैसे वाचले तिथं मात्र सगळे गेले. गंमत म्हणजे मावशीला मारणाऱ्यांतली एक कंपनी मावशीच्याच पोटची आहे. आल्डी ही स्वस्त किराण्याची साखळी काढणारे कार्ल आणि थेओ हे दोघे अल्ब्रेख्त भाऊ एसेन शहरात आईच्या छोट्या दुकानातूनच वर आले.

म्हणून तो मेसेज वाचला की मला जरा राग येतो. २०१९ च्या पुरात गणपती पेठेत पाणी शिरलं तेव्हा भावाच्या दुकानातल्या उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. नंतर महिनाभर गिऱ्हाइकं स्वतःहून येत होती, “आमचं साधारण अठराशे असेल बघ” म्हणत. एका म्हातारीनं तर वहीत होतं त्यापेक्षा जास्त दिलं असणार, असं त्याला अजून वाटतं. लॉकडाऊनमध्ये त्यानं ते फेडलं, घरोघरी पोती पोचवली. यापेक्षा जास्त जिव्हाळा आणायचा कुठून? त्याच घरांतल्या निम्म्यांची महिन्याची यादी आता बायपासच्या मोठ्या दुकानात जाते. ती माणसं वाईट नाहीत. यादी तीन हजारांची असेल आणि तिकडे तीनशे वाचत असतील, तर शिक्षिकेच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरात तीनशे ही रक्कम आहे.

आणि वाण्याचंही सगळं गोड नाही. माझी वहिनी, म्हणजे त्या दुकानदाराचीच बायको, मला म्हणाली होती, “मोठ्या दुकानात बरं असतं हो. पॅड उचलायचं, टोपलीत टाकायचं. कुणी कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघून देत नाही.” वाणी सगळ्यांना ओळखतो हे आपण कौतुकानं सांगतो. पण तुमच्याकडे पाहुणे किती दिवस राहिले, सून कुठला साबण नेते आणि यंदा तूप का कमी झालं, हेही त्याला ठाऊक असतं. कधी कधी माणसाला निनावी व्हावंसं वाटतं. शिवाय बिल मागितलं की चेहरा बदलतो आणि अळी निघालेला रवा परत न्यायला धीर लागतो.

तर मग इथं काय टिकलं आणि का?

माझ्या घराजवळ एक पुस्तकांचं दुकान आहे. मालकीण, एक मदतनीस मुलगी आणि खुर्चीवर झोपलेलं मांजर. लेकीचं शाळेचं स्वाध्यायपुस्तक हवं होतं, ते तिथं नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सांगितलं, शुक्रवारी सकाळी दहाला ते काउंटरवर होतं, वर चिठ्ठीवर आमचं आडनाव, दोन अक्षरं चुकवून. भाव ॲमेझॉनवर होता तोच, एका सेंटाचाही फरक नाही. यात मालकिणीची सवलत नाही की माझं औदार्य नाही. प्रकाशकानं नव्या पुस्तकाची ठरवलेली किंमत सगळ्यांनी तीच घ्यायची, असा इथं कायदा आहे. प्रकाशक आणि विक्रेत्यांनी १८८८ पासून आपसात पाळलेल्या रिवाजाचं २००२ मध्ये स्वतंत्र कायद्यात रूपांतर झालं. जुनं, वापरलेलं पुस्तक स्वस्त विकता येतं. खराब झालेलंही येतं, पण त्यावर तसा शिक्का मारावा लागतो.

आपल्याकडच्या एमआरपीच्या बरोबर उलटं आहे हे. एमआरपी म्हणजे याच्या वर जायचं नाही, खाली कितीही जा. आणि खाली जाण्याच्या शर्यतीत ज्याचा खिसा खोल तोच जिंकतो. इथं पुस्तकाच्या बाबतीत खालचीही वाट बंद आहे. मग उरतं काय, तर कोण लवकर आणून देतं, कोण नीट सांगतं, कुणाकडे बसायला जागा आहे. त्यात छोट्या दुकानाला निदान मैदानात उतरता येतं. रात्रीत पुस्तक पोचवणारे घाऊक व्यापारी त्या मालकिणीलाही तेवढ्याच तत्परतेनं माल देतात, ही दुसरी अर्धी गोष्ट. तरी इथंही साखळी दुकानं वाढतच आहेत. कायदा म्हणजे अमृत नव्हे.

भाव मोकळे सोडल्यावर काय होतं ते इंग्लंडनं बघितलं. तिथला पुस्तकांच्या ठरावीक किमतींचा जुना करार १९९५ मध्ये मोडला. २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग आला. छापील किंमत १७.९९ पाउंड आणि एका सुपरमार्केटनं तो ५ पाउंडांना विकला. घाऊक व्यापाऱ्यापेक्षा सुपरमार्केट स्वस्त, म्हणून काही छोट्या दुकानदारांनी आपल्या दुकानात ठेवायच्या प्रती तिथूनच उचलल्या. २०१६ पर्यंत ब्रिटन आणि आयर्लंडमधली स्वतंत्र पुस्तकांची दुकानं ८६७ वर आली, नंतर पुन्हा हजारावर गेली. हे भावाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. “अगं, मीबी तेच करतोय की! एजन्सीवाला तेलाचा पाच लिटरचा कॅन ज्या भावात मला टाकतो, त्यापेक्षा बावीस रुपयांनी स्वस्त बायपासला मिळतो. मग स्कूटर काढतो आणि गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहतो. एका बिलावर चारच देतात, म्हणून पोराला वेगळ्या रांगेत उभं करतो.”

मला वाटतं सगळा वाद त्या रांगेत आहे. गिऱ्हाइकाचं मन कुठं आहे हा प्रश्नच नाही. दुकानदारालाच माल महाग मिळतो आणि आपण गिऱ्हाइकाला नीतीचे धडे देतो.

वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेनं २०२४ मध्ये दावा केला, की वर्षभरात सुमारे २ लाख किराणा दुकानं बंद पडली. आकडा संघटनेचा आहे, म्हणून जरा जपूनच घ्यावा. झटपट पोचवणाऱ्या कंपन्या तोटा सोसून भाव पाडतात, अशी तक्रारही त्यांनी स्पर्धा आयोगाकडे नेली. अडचण अशी की आपला २००२ चा स्पर्धा कायदा भाव पाडणं चूक मानतो ते बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीनं पाडले तर. तीन-चार कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असताना वर्चस्व कुणाचं म्हणायचं? जर्मनीच्या कायद्यात पायरी खाली आहे. छोट्या-मध्यम स्पर्धकांपेक्षा तुमची ताकद वरचढ असली तरी पुरे, मग खाद्यपदार्थ खरेदीच्या भावाखाली विकायला सबळ कारण लागतं. २००० साली इथल्या कार्टेल खात्यानं, म्हणजे इथल्या स्पर्धा आयोगानं, वॉलमार्ट, आल्डी आणि लिडल या तिन्ही दुकानसाखळ्यांना दूध, साखर असल्या वस्तूंचे भाव वाढवायला लावले होते. भाव ‘वाढवा’ असा सरकारी आदेश! आपल्याकडे असं झालं तर टीव्हीवर काय गोंधळ होईल. वॉलमार्ट १९९७ मध्ये इथं आला आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळून गेला. त्याचं श्रेय मात्र या आदेशाला देणं बरोबर नाही, आल्डीच त्याच्याहून स्वस्त होता.

भारतात २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला दार उघडलं तेव्हा वॉलमार्ट येऊन वाण्यांना खाणार अशी ओरड झाली. किराण्याला खरा धक्का दिला तो घरच्याच डीमार्टनं. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान, आता चारशेच्या वर. जागा बहुतेक स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे चटकन, त्यामुळे माल स्वस्त. यात कपट काही नाही, उत्तम वाणीपणा आहे. म्हणूनच त्याला ‘परका’ म्हणून शिव्या घालून भागत नाही.

रविवारचंही सांगायला हवं, कारण इथं येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यात त्यावर चिडतो. रविवारी दुकानं बंद. या सुट्टीला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. दूध संपलं तर संपलं. त्यातून छोट्या दुकानदाराला एक दिवस मिळतो, ज्या दिवशी बड्यालाही शटर उघडता येत नाही. माझे काका वारले त्या दिवशी सोडून आमचं दुकान पूर्ण दिवस बंद राहिल्याचं मला आठवत नाही. पण बेकरीवाल्यांना रविवारी काही तास मुभा असूनही ते घटतच गेले. स्वतः पाव भाजणाऱ्या बेकऱ्या आता देशभरात १० हजारांच्याही खाली आहेत. सुपरमार्केटात गरम पाव मिळतो आणि पहाटे दोनला उठायला पोरं तयार नाहीत. दुसऱ्या कारणावर कुठलाच कायदा चालत नाही.

भावाला खरं सांगायचं होतं ते एडेकाबद्दल. १८९८ साली बर्लिनमधल्या किराणा दुकानदारांनी एकत्र माल घ्यायला सहकारी संस्था काढली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं ई, डी, के. त्याचं पुढं एडेका झालं. नावात ‘वसाहतीच्या मालाचे व्यापारी’ असा शब्द होता, म्हणजे चहा, साखर, मसाले. आपल्यासारख्यांच्याच मुलखातला माल, पण ते असो. आज एडेका जर्मनीतली सर्वांत मोठी किराणा साखळी आहे आणि तिची बरीचशी दुकानं अजूनही स्वतंत्र दुकानदारांची आहेत. पाटीवर एडेका आणि शेजारी मालकाचं आडनाव. आमच्या इथला मालक शनिवारी स्वतः चीज कापून देतो. माल एकत्र घेतलेला, जाहिरात एकत्र, पण गल्ला ज्याचा त्याचा.

याचा शेवट गोड आहे असं नाही. एडेका आणि आणखी तिघं मिळून इथला सुमारे ८५ टक्के किराणा विकतात, असं कार्टेल खात्यानंच २०१४ मध्ये मोजलं. छोट्यांची संस्था एवढी मोठी झाली की आता शेतकरी आणि कारखानदार तिच्या नावानं बोटं मोडतात. तरी रांगेत उभं राहून चार कॅन घेण्यापेक्षा हे बरं.

आणि सहकार कुणी शिकवायचा, सांगलीच्या माणसाला? शेजारी वारणा बाजार आहे, मुंबईला अपना बाजार, ग्राहक पंचायत. साखर, दूध, सूत, बँका, सगळं सहकारात. पण नीट बघितलं तर यांत एकत्र आला तो शेतकरी किंवा गिऱ्हाईक. दुकानदार सहसा आला नाही. त्याची संघटना असते ती बंद पुकारायला आणि जीएसटीच्या अधिकाऱ्याला भेटायला. एकत्र खरेदी म्हटलं की शेजाऱ्याला आपला खरेदीचा भाव कळेल, ही भीती. इथल्या मराठी मित्रमंडळींत हे बोलले की कुणीतरी हमखास म्हणतं, आपली माणसं एकत्र येतच नाहीत. मला ते पटत नाही. येतात की, ऊस घालायला येतात. साबण घ्यायला का येत नाहीत, एवढंच विचारायचं आहे.

भावानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, पेठेतल्या वीस जणांना एका सतरंजीवर बसवायचं म्हणजे जावई आणायचं काम आहे. पण चहा पाजून बघतो.”

गेल्या महिन्यात सात जण आले म्हणे. तेल, साबण आणि चहापत्ती, एवढ्या तीनच वस्तू एकत्र घ्यायच्या असं ठरतही आलं होतं. तेवढ्यात एकानं विचारलं, गाडी उतरवायची कुणाच्या गोडाऊनला? चहा संपेपर्यंत त्यावरच चाललं होतं. पुढची बैठक अमावस्या झाल्यावर आहे.