तिसरीतल्या मुलाचं उद्दिष्ट नेमकं कोण लिहितं?

गोव्यातल्या शाळांच्या बातम्या परदेशातून वाचताना तीन वाद पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिला माध्यमाचा, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान मिळालं तेव्हापासून धुमसणारा. दुसरा पटसंख्येअभावी बंद पडणाऱ्या सरकारी प्राथमिक शाळांचा. आणि तिसरा २०२५ चा. सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्ये भरू लागले आणि त्या उन्हावरून पालक उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिन्ही वाद महत्त्वाचे आहेत. पण नव्या शैक्षणिक धोरणाने चौथी एक गोष्ट आणली आहे, तिची चर्चा पालक-शिक्षक संघाच्या सभेत फारशी होत नाही. समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या बरोबरीने मुलानेही स्वतःचं मूल्यमापन करायचं आहे. मी कुठे आहे हे मुलाने सांगितलं, की पुढे काय करणार हा प्रश्न लगेच येतो. आणि त्याचं उत्तर देणं शिकवावं लागतं. शिकवलं नाही तर प्रोजेक्टचं होतं तेच या रकान्याचं होईल: रात्री जेवणं आटोपल्यावर आई बसून लिहील आणि मूल सकाळी बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, चढताना वही दप्तरात कोंबेल.

मी राहते त्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हे २०२३ पासून सक्तीचं आहे. वर्षातून पाच वेळा पालकांना मुलाची प्रगती कळवायची, त्यातल्या तीन वेळा लेखी, आणि त्यात मुलाचं आत्मपरीक्षण आणि त्याने ठरवलेलं उद्दिष्ट असलंच पाहिजे. नववीपर्यंत टक्के नाहीत, अक्षरश्रेणी नाही, फक्त चार पायऱ्या. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच वर्गांत अहवाल पाठवायच्या आठवड्यात फळ्यावर नमुना वाक्यं लिहिली जातात आणि मुलं ती उतरवतात. ‘मी जास्त प्रयत्न करीन.’ ‘मी सगळ्यांशी चांगलं वागेन.’ पुढच्या अहवालापर्यंत त्या कागदाकडे कोणी फिरकत नाही. तेव्हा परदेशात आहे म्हणून ते जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. मात्र जिथे शिक्षक हा कागद रोजच्या कामाला जोडतात, तिथे आठ वर्षांची मुलं खरोखर स्वतःचं काम स्वतः आखताना दिसतात. फरक पडतो तो उद्दिष्टाच्या आकाराने आणि ते किती वेळा तपासलं जातं त्याने.

आकाराबद्दलचा पुरावा जुना आहे. १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा आणि डेल शुंक यांनी गणितात कच्ची आणि गणिताची नावड असलेली सात ते दहा वर्षांची मुलं घेतली. त्यांना वजाबाकीची ४२ पानं आणि ७ बैठका दिल्या. एका गटाला सांगितलं, रोज निदान ६ पानं करायचं ठरव. दुसऱ्याला सांगितलं, सगळी ४२ शेवटच्या दिवसापर्यंत संपवायचं ठरव. तिसऱ्या गटाला उद्दिष्टच दिलं नाही. पानं तीच, वेळ तोच. रोजच्या सहा पानांचा गट वजाबाकीत पुढे गेला, त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला आणि गणिताची गोडीही लागली. ४२ पानांचं दूरचं उद्दिष्ट मिळालेल्यांना मात्र उद्दिष्ट नसलेल्यांपेक्षा फारसा फायदा झाला नाही. आपल्याकडे मुलाला दिलं जाणारं उद्दिष्ट जवळपास नेहमी या दुसऱ्या प्रकारचं असतं: पहिला नंबर, नव्वदच्या वर. ते दूर आहे, आणि ते मुलाच्या हातातही नाही, कारण नंबर इतरांच्या पेपरवर ठरतो.

वर्गात हे कसं दिसेल ते रफारावरून सांगते. तिसरीत रफार बहुतेकांचा चुकतो. ‘पर्वत’ लिहिताना तो व ऐवजी प च्या डोक्यावर जातो, किंवा ‘प्रकाश’ चा ‘पर्काश’ होतो. ‘माझं शुद्धलेखन सुधारीन’ हे उद्दिष्ट इथे कुचकामी आहे, कारण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे त्यातून मुलाला कळत नाही. आधी मोजायचं. दहा शब्द घालायचे: पर्वरी, कुर्टी, फर्मागुडी, पर्ये, सूर्य, पर्वत, मार्ग, दर्या, चर्च, गर्दी. समजा चार बरोबर आले. आता मुलाला विचारायचं, तीन आठवड्यांनी किती आणशील? बहुतेक मुलं एका दमात ‘दहा’ म्हणतात. त्यांना सात-आठवर आणायचं, कारण पहिल्या खेपेला जमणं महत्त्वाचं असतं. मग कृती ठरवायची: रोज पाच शब्द मोठ्याने तोडून म्हणायचे, ‘पर्-वत’, आणि र नंतर जे अक्षर ऐकू येतं त्याच्या डोक्यावर रफार द्यायचा. दर शुक्रवारी दहा शब्दांचं श्रुतलेखन, पण शब्द बदलून. तेच दहा ठेवले तर मुलं ते पाठ करतात, आकडा वाढतो आणि नवा शब्द आला की रफार पुन्हा प वर जाऊन बसतो. वाचनाचंही तसंच आहे. एकच उतारा तीन आठवडे वाचून घेतला तर तो तोंडपाठ होतो, म्हणून सारख्या अवघडपणाचे निदान तीन उतारे हाताशी हवेत.

यासाठी अर्ध्या ए-फोर कागदाचं कार्ड पुरतं. त्यावर चार ओळी: मी काय करणार, कधी आणि कुठे बसून, अडलं तर काय करणार, कोणाला दाखवणार. खाली पंधरा चौकोन, तीन आठवड्यांच्या शाळेच्या दिवसांचे. चौकोन रंगवायचा तो काम केलं म्हणून. किती बरोबर आलं याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी आणि तिसरी ओळ शिक्षक घाईत सोडून देतात, आणि बहुतेक कार्डं तिथेच मरतात. ‘रोज वाचीन’ यापेक्षा ‘संध्याकाळी दिवा लावून झाला की ओसरीवर बसून दोन पानं’ हे टिकतं, कारण दिवा रोज लागतोच. अडचणही आधीच लिहून ठेवायची: पाहुणे आले तर सकाळी आंघोळीआधी वाचीन. पहिली-दुसरीच्या मुलांना इतकं लिहिणं झेपत नाही. त्यांच्यासाठी एका आठवड्याचं उद्दिष्ट, बाईंनी दिलेल्या तीन पर्यायांतून त्यांनी निवडलेलं, आणि ओळींऐवजी चित्र. कोणत्याही वयात एका वेळी एकच उद्दिष्ट.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. वीस मुलांशी रोज बोलायला गेलात तर अर्धा तास त्यातच जाईल. सोमवार ते गुरुवार रोज पाच मुलं घ्या, प्रत्येकाशी दीड मिनिट, म्हणजे दिवसाला आठ मिनिटांच्या आत काम होतं आणि आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. विचारायचं एवढंच: काय केलंस, कुठे अडलं, उद्या काय बदलणार? लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही तर उद्दिष्ट पुसायचं नाही, पाऊल अर्धं करायचं. पाच शब्दांचे तीन, दोन पानांचं एक. तिसऱ्या आठवड्याअखेर आकडा गाठला नसला तरी मुलाला ‘हरलास’ असं वाटू न देता त्याच्याकडूनच काढून घ्यायचं की कृती चुकली, वेळ चुकली की आकडाच मोठा धरला. मुलं याची उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी नेमकी देतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. एक, सगळ्यांच्या प्रगतीचा तक्ता भिंतीवर. मागे पडलेलं मूल दुसऱ्याच आठवड्यात मोठ्याने वाचायचं टाळू लागतं, आणि पुढचं मूल सोपं उद्दिष्ट निवडायला शिकतं. कार्ड वहीतच राहू दे. दुसरी, बक्षीस. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्रं कमी काढली. चौकोन भरल्यावर चॉकलेट कबूल केलं की मुलाचं लक्ष चॉकलेटवर जातं, आणि न वाचताही चौकोन रंगवता येतो हे त्याला लवकरच कळतं.

घरच्यांनी काय करावं? ‘झालं का?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणतं आणि विषय संपतो. ‘आज कुठला शब्द अडला?’ असं विचारलं की वही उघडावी लागते. आजी-आजोबा घरी असतील तर कार्डावरची चौथी ओळ त्यांच्याच नावाने असावी. कामावरून थकून आलेल्या आई-बाबांपेक्षा ऐकून घ्यायला त्यांच्याकडे सवड असते.

आता माध्यमाच्या वादाकडे येते, कारण तो इथे थेट भिडतो. स्वतःच्या अडचणीचं नाव घेता येणं ही या सगळ्याची पहिली अट आहे. घरात कोकणी किंवा मराठी बोलणारं सहा वर्षांचं मूल इंग्रजीत ‘मला काय जमत नाही’ हे सांगूच शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने मोठी माणसं लिहितात. ब्रिटिश कोलंबियात लहान मुलं चित्र काढून किंवा तोंडी सांगून आत्मपरीक्षण करतात, शिक्षक ते लिहून घेतात. गोव्यातही शाळेचं माध्यम कोणतंही असो, मुलाने कोकणीत सांगावं, मराठीत लिहावं, किंवा नुसतं चित्र काढावं, एवढी मुभा उघडपणे दिली पाहिजे. माध्यमाचा मोठा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबायची गरज नाही.

लहान शाळांबाबत मला गोव्याचीच बाजू भक्कम वाटते. ब्रिटिश कोलंबियात चौथी ते सातवीच्या वर्गात तीस मुलांपर्यंत मर्यादा आहे. गोव्यात सत्तरी-पेडणे तालुक्यांतल्या कित्येक सरकारी शाळांत चारही इयत्ता मिळून त्याहून कमी मुलं असतात. एकशिक्षकी शाळेत चौथीतली मुलगी पहिलीतल्याचं वाचन ऐकून चौकोन रंगवू देते, आणि बाईंचा अर्धा वेळ वाचतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत अशा तीन फेऱ्या आरामात होतात, आणि तिसऱ्या फेरीचं उद्दिष्ट शाळेबाहेरचंही चालेल: घुमट या मातीच्या वाद्यावर एक आरती न चुकता. पटसंख्या मोजून शाळा बंद करणाऱ्यांनी या शाळांत काय होऊ शकतं हेही मोजावं.

शिक्षण खात्याकडे मागणं एकच आहे. प्रगतिपत्रकाच्या प्रशिक्षणात रकाने कसे भरायचे यावर दिवस घालवू नका. वेळापत्रकात ती आठ मिनिटं लिहून द्या. आणि मुलाच्या रकान्यात दोन मोडकी वाक्यं असली, किंवा काहीच नसलं, तरी शिक्षकांना जाब विचारला जाणार नाही, असं परिपत्रकात स्पष्ट म्हणा.