‘श्रीमंतांचे चोचले’ : श्वानमित्र यांना उत्तर

श्वानमित्र,

म्हाताऱ्या कुत्र्याला पहिली फिट आली तर एमआरआय करा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस मुद्दाम थांबलो. तेव्हाच लिहिलं असतं तर जीभ सैल सुटली असती. “म्हाताऱ्या कुत्र्याला फिट आली की गोळी सुरू करायची. एमआरआय म्हणजे श्रीमंतांचे चोचले, तुम्ही लोकांना नुसतं घाबरवता,” असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रेडोरला दिवाळीत पहिली फिट आली आणि गोळीवर तो ठणठणीत आहे, हा तुमचा पुरावा.

चोचले? शेरूच्या एमआरआयसाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. हे लेखात लिहिलं नव्हतं, लिहायची इच्छाही नव्हती. तुम्ही लिहायला लावलंत.

शेरू आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा. आठव्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारात पहिली फिट आली. डॉक्टरांनी तपासलं. चाल ठीक, नजर ठीक, रक्त ठीक. फिनोबार्बिटोन ही फिटवरची गोळी सुरू झाली, फिट थांबल्या आणि आम्ही निर्धास्त झालो, अगदी तुमच्यासारखेच. महिन्याभराने तो ताटलीतलं अर्धंच खायला लागला. गोळीने भूक वाढलेली, तरी उजवीकडचं चाटूनपुसून साफ आणि डावीकडचा भात जागच्या जागी. ताटली फिरवली की तोच भात खायचा. आम्ही त्याला नखरे म्हणालो. पुढे तो घरात उजवीकडेच गोल फिरायला लागला. पाच महिन्यांनी एमआरआय झाला तेव्हा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात गाठ होती. मेंदूचा उजवा अर्धा डावीकडचं बघतो, म्हणून डावी बाजू त्याच्या लेखी उरलीच नव्हती.

मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असली तर तपासणीत सगळं ठीक दिसू शकतं. गोळी फिट थांबवते, गाठ नाही. साधा अपस्मार, म्हणजे मेंदूत गाठबीठ नसताना येणाऱ्या फिटचा आजार, बहुतेक वेळा सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पहिली फिट आली तर एमआरआय करा, असं पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय अपस्मार गटाने २०१५ सालीच सांगितलंय. साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाड छान दिसतं, पण मेंदूचा मागचा भाग कवटीच्या जाड हाडामुळे धूसर येतो. हे सांगणं म्हणजे घाबरवणं असेल, तर हो, घाबरवतो.

एक चूक मात्र मान्य. ‘एमआरआयने कॅन्सर पक्का कळतो’ हे माझं वाक्य बरोबर नव्हतं, ते बदललंय. गाठ मेंदूच्या आवरणातली की मेंदूच्या आतली, याचा अंदाज चित्रावरून येतो. सूज किंवा रक्तस्रावही कधी गाठीसारखा दिसतो. पक्कं उत्तर बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणीच देते.

एमआरआयसाठी द्याव्या लागणाऱ्या भुलीचा धोका, आणि निदान झाल्यावर रेडिएशन मिळणार कुठे, हे तुमचे बाकीचे प्रश्न. त्यावर वाद घालायला मला वेळ नाही. टोपणनावाआडून ‘चोचले’ म्हणणाऱ्याशी तर नाहीच.

पण लॅब्रेडोर तुमचा आहे, भांडण त्याच्याशी नाही. आज रात्री त्याचं जेवण झालं की ताटली उचलण्याआधी बघा, कुठल्या बाजूला काही उरलंय का.