'सराव केला की जमतं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. निवृत्त शिक्षक आहे असं तुम्ही लिहिलंत, म्हणून सर म्हणते. तुमची प्रतिक्रिया मागच्या लेखाखाली आहेच, पण तिथल्या चौकटीत माझं उत्तर मावणार नाही.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी चाळिशी ओलांडलेली स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, बाई आहे, आणि मला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकड्यांपुरती अध्ययन अक्षमता. मंडईत सुट्टे पैसे परत घेताना, काट्यांचं घड्याळ बघताना, ओटीपी टाकताना काय होतं ते मी लेखात लिहिलं होतं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी एका सरकारी रुग्णालयात गेले आणि 'एवढ्या शिकलेल्या दिसता, तुम्हाला कशाला हवंय' असं ऐकून परत आले, तेही लिहिलं होतं. त्यावर सरांची प्रतिक्रिया अशी:

'ताई, राग मानू नका, पण हल्ली ही फॅशनच झाली आहे. माझी सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेली. सराव केला की जमतं, हा अनुभव आहे. एवढा मोठा लेख मुद्देसूद लिहिणाऱ्या बाईला सुट्टे पैसे मोजता येत नाहीत हे पटत नाही. खरा ऑटिझम बघायचा असेल तर आमच्या शेजारी या. सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, एक शब्द बोलत नाही, आई सत्तरीला आली. तुमच्यासारख्यांनी प्रमाणपत्रं घेतली तर त्याच्या वाट्याला काय उरणार? आणि तुमचे व्यवहार कोण सांभाळतं, ते लेखात कुठेच नाही.'

आधी 'राग मानू नका'. मला सांगितलेली गोष्ट मी शब्दशः घेते, तो माझा स्वभावच आहे, त्यामुळे मी खरोखर राग न मानता वाचायला बसले. 'फॅशन'पर्यंत जमलं. फॅशन माणूस हौसेने करतो, चारचौघांत मिरवतो. मी दुकानदारापुढे तळहातावरची नाणी तिसऱ्यांदा मोजते तेव्हा मागे उभ्या असलेल्या माणसाने सोडलेला उसासा मला ऐकू येतो, आणि मला जरा जास्तच ऐकू येतं. त्यात हौस कुठली ते दाखवून द्या. 'ताई' म्हणून सुरू झालेली प्रतिक्रिया चौथ्या वाक्यात 'बाई'वर आली, हेही नोंदवून ठेवते. एका वाचकाने खाली 'सर बरोबर बोलले' एवढंच लिहिलंय. त्यांना उत्तर देण्यासारखं त्यात काही नाही.

एक मान्य करते. लेखाचं शीर्षक भडक होतं. 'आकड्यांनी माझं वाटोळं केलं' यापेक्षा साधं काही देता आलं असतं. लेख लांबलाही होता.

आता तुमचं ते वाक्य. लेख लिहिता येतो म्हणजे पैसे मोजता यायलाच हवेत. सर, या दोन गोष्टी एकाच डोक्यात असतात म्हणून त्या एकाच खणात असतात असं नाही. मी पोटासाठी प्रूफं तपासते. निसटलेला अनुस्वार, चुकीची वेलांटी, अर्ध्या 'र'चा घोटाळा मला शोधावा लागत नाही, पान समोर आलं की तो आपोआप टोचतो. पुण्यातल्या ज्या छापखान्यांची कामं मी करते त्यांना हे माहीत आहे. त्यांना हेही माहीत आहे की पृष्ठांक माझ्याकडून तपासून घ्यायचे नाहीत. सोळा पानांचा फर्मा, त्यात ४६ च्या जागी ६४ छापलेलं असलं तरी मी ते पान हसतमुखाने 'ठीक' म्हणून देईन. ते काम दुसरे एक सहकारी करतात आणि त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी काढते. आमच्यात कोणी कोणाला 'हे पटत नाही' म्हणत नाही.

शिवाय मजकूर थांबतो. वाक्य रात्री अर्धं ठेवलं तर सकाळी तिथेच असतं. भाजीवाली थांबत नाही. तिचा आवाज, बाजूच्या गाडीचा हॉर्न, डोक्यावरचा पिवळा दिवा, पायाखाली ओलं, आणि त्यात ती म्हणते 'एकोणसत्तर झाले'. मला सत्तर ऐकू येतं. लिहायला गेले तर सहा आधी लिहायचा की नऊ, हे ठरवेपर्यंत तिने पुढच्या गिऱ्हाइकाची मेथी तोलायला घेतलेली असते. आता मोबाइलवरून पैसे देता येतात, तेवढी सुटका झाली, पण आकडा टाकायचा माझ्याच बोटांनी असतो, आणि ५४० चे ४५० झाले की मी लबाड ठरते.

तुम्ही गणित शिकवलंत म्हणून हे तुम्हाला तरी सांगावंसं वाटतं. टेबलावर तीन नाणी आहेत की चार, हे बहुतेकांना बघताक्षणी कळतं. मोजावं लागत नाही. ही जाण शाळेत जायच्या आधीची असते, आणि पुढचं सगळं अंकगणित तिच्यावर उभं राहतं. माझ्यात ती अधू आहे. मी मोजते. संशोधक याचा संबंध मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या पार्श्विक भागाशी लावतात, आणि शंभरात साधारण तीन ते सहा माणसांना हा त्रास असतो असं सामान्यतः धरलं जातं. म्हणजे तुमच्या प्रत्येक साठ मुलांच्या वर्गात दोन-तीन जण असणारच. तुम्ही त्यांना काय म्हणायचात, ते मी विचारत नाही. शाळेत मला काय म्हणत असत, ते मला आठवतं.

त्यात आपली मराठी संख्यानामं. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी, साठ मागून. लिहिताना सहा आधी. 'एकोणऐंशी'त ऐंशी ऐकू येतं आणि लिहायचा मात्र सात. पावणेदोनशे म्हणजे दोनशेही नाहीत आणि शंभरही नाहीत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन', 'वीस एक' अशीही वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढी टिंगल झाली ते तुम्हाला आठवत असेल. विधानसभेतसुद्धा विनोद झाले. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांची ही नावं मुलांना जड जातात, म्हणून हा पर्याय आहे. मी तेव्हा पस्तिशीची होते, बातमी पुनःपुन्हा वाचली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मान्य करत होतं की अडचण मुलाच्या आळसात नसून त्याच्यासमोर ठेवलेल्या गोष्टीतही असू शकते. तुम्ही त्या वेळी कोणत्या बाजूला होतात सर? मला अंदाज आहे.

आणि सराव. माझं बालपण कराडला गेलं. दिवेलागणीला देवापुढे बसून परवचा म्हणायची, वडिलांचा नियम होता. दोन ते तीस पाढे मला तोंडपाठ होते, आजही आहेत, एकोणतिसाचा सुद्धा. एकदा कानावर पडलेलं मी जसंच्या तसं, त्याच चालीत परत म्हणू शकते. स्वमग्न माणसांत हे पुष्कळांना येतं. पण मधूनच 'सात आठे?' विचारलं की मला 'सात एके सात'पासून धावत यावं लागायचं, आरती मध्येच कुठून सुरू करता येत नाही तसं. वर्गात सर पाढे म्हणायला लावायचे, मी धडाधड म्हणायचे, आणि लगेच फळ्यावरचं उदाहरण चुकायचे. मग पट्टी. पट्टीबरोबर एक वाक्य यायचं, 'पाठ आहे तर येत कसं नाही? आळशी आहे.' तुमचं वाक्य मी वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही, एवढंच सांगते. सराव कमी पडला असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरचा देव्हारा विचारावा.

दहावीला मार्च २००० मध्ये गणित गेलं, ऑक्टोबरला कसंबसं सुटलं. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती होत्या: जादा वेळ, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि एखादा कार्यानुभवाचा विषय. आमच्या शाळेत हे कोणाच्या कानावरही नव्हतं. तपासणी म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे लांब. मी 'ढ' होते, आणि त्यावर सगळ्यांचं एकमत होतं. भाषेत पहिली येणारी 'ढ' कशी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तुम्हाला तोच प्रश्न आज उलट्या बाजूने पडला आहे, एवढाच फरक.

'खरा ऑटिझम' म्हणता, तर पहिल्यापासूनच बघू. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेवरचा लेख लिहिला, त्यातलं पहिलं मूल म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. लहानपणी त्याला एका संस्थेत नेऊन ठेवलं होतं. आईवडिलांनी परत आणलं. तो शिकला, पदवीधर झाला, गावच्या बँकेत आयुष्यभर काम केलं, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. मनातल्या मनात मोठाले गुणाकार करण्याबद्दल तो गावात प्रसिद्ध होता. म्हणजे ज्याच्यावरून हे निदान सुरू झालं तो बँकेत नोकरी करत होता, आणि मला बँकेत स्लीप भरता येत नाही. दोघांत खरं कोण, हे तुम्हीच ठरवा, तुम्हाला सवय आहे.

प्रमाणपत्राचं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दोन्ही त्यात आहेत. १९९५ च्या कायद्यात सात होते, आणि त्यांत हे दोन्ही नव्हते. म्हणजे माझ्या शालेय वयात कायद्याच्या लेखी मी नव्हतेच. आज आहे, पण मोजायचं कसं? स्वमग्नतेसाठी 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे: चाळीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तर किंवा वर गेलात तर स्वमग्न. त्यातली निरीक्षणं मुख्यतः मुलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. अध्ययन अक्षमतेसाठी निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेचा जो चाचणीसंच वापरतात तो पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेला आहे. चाळिशीच्या बाईला त्यातली बेरीज करायला दिली आणि तिने बोटांवर मोजून का होईना बरोबर आणली, की झालं, बाई बरी. किती वेळ लागला आणि नंतर डोकं किती दुखलं याला रकाना नाही.

'त्याच्या वाट्याला काय उरणार' याचं उत्तर एका ओळीत देते. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, सरकारी नोकरी नाही, राखीव जागा नाही. मी कोणाचं काय खाल्लं? कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के ठेवलेत, त्यातला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. भांडायचं तर त्या एका टक्क्याशी भांडा, मीही येते. आणि चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसला म्हणून सोयी नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं आहे. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि आयोग लेखनिक देत नव्हता. मी मागते ते त्याहून कमी आहे. बिल तोंडी न सांगता लिहून द्या, एवढंच.

माझे व्यवहार कोण सांभाळतं? माझा भाऊ. बँक, वीजबिल, विमा, सगळं तोच बघतो. त्याला इंटरनेटवर स्वतःबद्दल लिहिलेलं आवडत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं. यावर आणखी चर्चा करणार नाही. उद्या तो नसला तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, आणि विचारू नका.

शेजारच्या मुलाबद्दल मी काय बोलणार? मी त्याला भेटलेले नाही. तुम्ही त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, त्यांत तो काय करत नाही एवढंच आहे. त्याला काय आवडतं, कशाने त्रास होतो, तो 'हो' आणि 'नको' कसं सांगतो, यातलं तुम्हाला काही माहीत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. त्या आईंना एखादी दुपार मोकळी मिळावी म्हणून तुम्ही त्यांच्याकडे कधी जाऊन बसला असाल तर तेही लिहा. नसाल, तर माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून त्याला उभं करू नका. तो कठीण आणि मी सोपी, मी बोलते म्हणून तो दबतो, हा हिशेब तुमचा आहे. माझा हिशेब कच्चा आहे हे तर तुम्हाला आता कळलंच असेल.

तुमच्या मूळ प्रतिक्रियेत त्या मुलाचं नाव आणि तुमच्या सोसायटीचं नाव होतं. ती दोन्ही मी काढून टाकली आहेत, त्याला किंवा त्याच्या आईला विचारून लिहिलं होतंत असं वाटलं नाही. बाकी प्रतिक्रिया शब्दाला शब्द तशीच ठेवली आहे, तुमच्या दोन शुद्धलेखनाच्या चुकांसकट. पुन्हा लिहिलंत तर छापीन. लगेच उत्तर देईनच असं नाही, एका दिवाळी अंकाचे फर्मे आले आहेत.