स्टूल डिक्कीत ठेवा म्हणे!

आज सकाळची गोष्ट. सेकंड हॅन्ड गाड्यांचं एक मोठं शोरूम. आई वॉकर धरून उभी, मी तिच्या शेजारी आणि समोर उंचच उंच पांढरी डिझेल एसयूव्ही. आई दारापर्यंत गेली, एक पाय उचलून बघितला आणि माझ्याकडे वळून नुसती मान हलवली. जमणार नाही. त्यावर तिथला मुलगा म्हणतो, "काही नाही मॅडम, एक छोटं स्टूल घ्यायचं आणि डिक्कीत ठेवून द्यायचं."

रात्रीचे दहा वाजलेत, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

स्टूलचं मला एवढं का लागलं ते सांगते. मार्चमध्ये आई बाथरूममध्ये घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही. म्हणजे पाटावर बसणं बंद, खोल सोफा बंद, वाकून काही उचलणं बंद. आणि त्याआधी दोनच महिने आमची २०१० ची छोटी गाडी आम्ही भंगारात दिली होती. पंधरा वर्षांचं पासिंग संपलं होतं. पूर्वी सहाशे रुपयांत होणारं नूतनीकरण एप्रिल २०२२ पासून पाच हजारांवर गेलंय, वर पर्यावरण कर, आणि फिटनेसला न्यायच्या आधी टायर आणि खालचा गंजलेला पत्रा. जड मनानं दिली. तो निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही.

मग पुण्याहून दादानं त्याची एसयूव्ही पाठवून दिली. "आई बरी होईपर्यंत वापर, मोठी गाडी आहे, आरामात जाईल." त्याचा हेतू सोन्यासारखा. पण पहिल्याच दिवशी आई त्या दारापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, ही गाडी आहे का माडी?" चढता येईना. शेवटी वॉचमनकाकांनी त्यांच्या केबिनमधलं लाकडी स्टूल आणून ठेवलं. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला काका, मध्ये आई स्टूलवर डगमगतेय, आणि वरच्या गॅलऱ्यांमधून सगळी बिल्डिंग बघतेय. वणीच्या गडाच्या पायऱ्या साठाव्या वर्षी न थांबता चढलेली बाई आहे ही. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीला कॉलेज रोडला जायचं, म्हणजे जाता-येता मिळून दिवसाला दोनदा स्टूल. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणायला लागली, "आज राहू दे, पाय जरा बरा वाटतोय." पाय बरा नव्हता. तिला ते स्टूल नको होतं.

आपल्याकडे 'कम्फर्टेबल गाडी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लांबी-रुंदी येते, टचस्क्रीन येतो, सनरूफ येतं. नाशिकच्या धुळीत सनरूफ! माझ्या लेखी आरामाची व्याख्या एवढीच आहे, की माणसाला गाडीत शिरताना दुसऱ्याचा हात लागू नये. सीट माणसाच्या कमरेच्या उंचीला हवी. खालच्या सेडानमध्ये आईला स्वतःला सोडून द्यावं लागतं, खुबा नव्वदच्या पुढे वाकतो. उंच एसयूव्हीत चढावं लागतं. मधली उंची हवी. विक्रेत्याला विचारा, ही सीट जमिनीपासून किती उंच आहे. मी चार ठिकाणी विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. शेवटी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये घेऊन फिरले.

आता त्या डिझेलचं. माझा खरा राग तिथे आहे.

इंदिरानगर ते कॉलेज रोड जेमतेम सहा किलोमीटर. हायवेखालच्या बोगद्यात अडकलं की त्याच सहा किलोमीटरला चाळीस मिनिटं. त्यात सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उखडलेले. दादाची गाडी २०२१ ची, बीएस-६ डिझेल. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, भरलाय. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की १ एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्यांना धुराचे जे कडक बीएस-६ निकष लागू झाले, त्यात काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली, आणि ती गाठायला सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी बसवतात. काजळी त्या जाळीत साठते आणि धूर पुरेसा तापला की जळून जाते. पण तो तापायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. आमच्या सहा किलोमीटरमध्ये इंजिन नीट गरमसुद्धा होत नाही. काजळी साठत राहते, मग दिवा, आणि तरी दुर्लक्ष केलं तर इंजिनची ताकद कमी होते.

दादा फोनवर म्हणाला, "तू गाडीचं वाटोळं केलंस." मी काय केलं? आईला फिजिओथेरपीला नेलं! रविवारी पहाटे उठून एकटीच सिन्नरपर्यंत जाऊन आले. काम काहीही नव्हतं. नुसती जाळी साफ करायला साठेक किलोमीटर डिझेल जाळलं. हवा स्वच्छ ठेवायच्या यंत्रासाठी!

आणि आज त्या शोरूममध्ये मी चावी फिरवली. सुरुवातीला सगळेच दिवे लागतात. गाडी सुरू झाल्यावर बाकीचे विझले, हा एक राहिला. तोच पिवळा. मी विचारलं, हा कसला? "सेन्सरचा आहे मॅडम, काही नसतं त्यात." मी म्हटलं, डीपीएफचा आहे. तो जरा चपापला आणि मग अगदी आपुलकीनं म्हणाला, "लय त्रास दिला तर फिल्टर काढून टाकू. बरेच जण काढतात. पिकअप पण वाढतो."

म्हणजे पाचपट कडक निकषांची गाडी घ्यायची, बीएस-६ म्हणून मिरवायचं, आणि आतली जाळी काढून ती काजळी बोगद्यात मागे अडकलेल्या रिक्षातल्या शाळकरी पोरांच्या तोंडावर सोडायची. कुणाच्या जिवावर हा पिकअप? मी आवाज चढवला, हो. आई म्हणाली, "चल, नको बोलूस." वॉकर टेकत टेकत ती बाहेर निघाली आणि मागून तो मुलगा म्हणत होता, "मॅडम, स्टूलचं बघा ना, दोनशे रुपयांत येतं."

आणि पीयूसी? विचारलंच मी. "गाडी न्यायची पण गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर देतो." पीयूसी नसेल तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून लोक कागद घेतात. कागद. पेट्रोलच्या गाडीची नळी घालून खरोखर तपासणी केली तरी त्यात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन कळतात, डिझेलच्या धुराचा दाटपणा कळतो. नायट्रोजनची ऑक्साईड त्यात मोजतच नाहीत. आणि आपण तेवढंही करायचं नाही? आपलं नाशिक देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या 'हवा निकषात न बसणाऱ्या' शहरांच्या यादीत आहे, मुंबई-पुण्याच्या शेजारी. आपण अजून 'नाशिकची हवा, नाशिकचं पाणी' म्हणत बसलोय.

दादाचं दुसरं म्हणणं, दिल्लीची गाडी घे, अर्ध्या किमतीत मोठी सेडान येते. का येते अर्ध्या किमतीत? कारण तिकडे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल यांवर हरित लवादानं बंदी घातली, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ती कायम केली, पुढे कोर्टात त्यावर बरंच वर-खाली झालं. त्या भीतीनं लोक गाड्या काढतात आणि त्या आपल्याकडे येतात. तिथली एनओसी आणा, इथला रोड टॅक्स पुन्हा भरा, एमएच-१५ पासिंग करा, की स्वस्ताई तिथेच संपली. आणि दिल्लीला नकोसा झालेला धूर गोदाकाठी का आणायचा? हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण फटाके वाजवणं बंद केलेले असाल, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही.

हो, दिल्लीची प्रत्येक गाडी खराब नसते, बंदी वयावर होती, हे मान्य. आणि दर आठवड्याला कसारा घाट उतरून मुंबईला जाणाऱ्याला डिझेलच परवडतं, त्याची जाळीही आपोआप साफ होते, हेही मान्य. माझं भांडण बोगद्यातल्या डिझेलशी आहे.

सीएनजी सुचवणारे पाच जण भेटले. टाकी डिक्कीत. वॉकर कुठे ठेवू, मांडीवर? नव्या काही गाड्यांत डिक्कीच्या तळाशी जुळ्या टाक्या येतात, पण त्या आमच्या बजेटच्या बाहेर. इलेक्ट्रिक मला मनापासून आवडली असती. सोसायटीत चार्जिंगचा पॉइंट मागून दीड वर्ष झालं.

तर सगळी चाळण लावून खाली काय उरलं? छोटी, उभट, पेट्रोल, बीएस-६, म्हणजे २०२० नंतरची. क्लचचं पेडल नसलेली, कारण बोगद्यात माझा डावा पाय भरून येतो आणि घरी येऊन मलाच कुणीतरी धरून उतरवायची वेळ येते. एप्रिल २०२३ नंतरची मिळाली तर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चिंता कमी, पण तेवढे पैसे नाहीत.

संध्याकाळी पाच वाजता आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त काकांकडे गेलो. त्यांची २०२१ ची वॅगनआर, १.२ पेट्रोल, ऑटोमॅटिक, एकहाती, एमएच-१५. मुलाकडे परदेशात चाललेत, म्हणून विकताहेत. मी टेप काढेपर्यंत आईनं वॉकर माझ्याकडे दिला, दाराकडे पाठ केली, मागे हात लावून सीटवर टेकली आणि मग एकेक करून दोन्ही पाय आत घेतले. फिजिओथेरपिस्टनं शिकवलं होतं अगदी तसंच. कुणी धरलं नाही. दार तिनं स्वतः ओढून घेतलं.

मी दोन मिनिटं काही बोललेच नाही.

मग आई म्हणाली, "चावी दिलीये का त्यांनी? गंगेवर ने जरा." गंगा म्हणजे आमची गोदावरी. मार्चपासून ती तिथे गेली नव्हती. काकांनी हसत चावी दिली. रविवार कारंजाची गर्दी, मग घाट. ती उतरली नाही, काच खाली करून पाणी बघत बसली. गिअर बदलताना या गाडीत मान किंचित पुढे जाते, सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकसारखं लोण्यासारखं नाही. आईला विचारलं, त्रास होतो का? "कशाचा?" म्हणाली.

दादाला फोन केला. तो म्हणाला, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत २०२३ साली हिला एकच तारा मिळालाय. खरं आहे. वाईट वाटलं वाचून. हायवेला ही गाडी न्यायची नाही असं मी ठरवलंय. लांब जायचं तर टॅक्सी करू. फोन ठेवताना दादा हळूच म्हणाला, "ती खरंच एकटी बसली?" मी म्हटलं, हो. मग तोही गप्प झाला.

त्या शोरूममधल्या मुलावर मी जास्तच ओरडले असं आता वाटतंय. माझ्या मुलाच्याच वयाचा असेल, महिन्याच्या आकड्याचं टेन्शन असेल. त्याला कुणी शिकवलंच नसेल की गाडी विकताना आधी बसणाऱ्याकडे बघायचं. पण फिल्टर काढण्याचं वाक्य मी माफ करणार नाही.

परत आलो तेव्हा वॉचमनकाका सवयीनं स्टूल उचलून धावत आले. आई आधीच खाली उतरून उभी होती. "राहू द्या हो, बसा तुम्ही त्यावर," म्हणाली.

गाडीवर बोजा नाही, इन्शुरन्स चालू आहे, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या परवा करायच्यात. त्याआधी एका खात्रीच्या माणसाकडून गाडी खालून-वरून तपासून घ्यायचीये. इंदिरानगर, पाथर्डी फाटा किंवा सिडकोमध्ये कुणाला असा प्रामाणिक मेकॅनिक माहीत असेल, जो फिल्टर काढा म्हणत नाही, तर कृपया उद्या दुपारपर्यंत कळवा.